झिंक नव्यासारखं, ड्राइव्हला मात्र खड्डे: ॲनोड बदलताना नक्की काय बघायचं?

खाडीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, इथे बोटवाले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. माझी २२ फुटी फायबरची बोट आहे, मागे मरक्रूझर अल्फा वन ड्राइव्ह (इंजिन बोटीच्या आत, पंखा फिरवणारा भाग मागे बाहेर पाण्यात), रेवदंड्याच्या खाडीत नांगरावर असते, दसऱ्यानंतर उतरवतो ते थेट मे अखेरपर्यंत पाण्यातच. परवा उधाणाच्या ओहोटीला वाळूवर कोरडी पाडली, तळाची कालवं खरवडायची होती, आणि ड्राइव्ह बघून पोटात गोळाच आला. पंख्यावरच्या आडव्या पाटीच्या कडेला आणि गिअरकेसच्या (पंख्याचे गिअर असतात त्या खालच्या कवचाच्या) नाकाशी रंगाला फोड आलेत. फोड नखाने दाबला की फुटतो, आतून पांढरी ओलसर भुकटी निघते आणि ती पुसली की खाली ॲल्युमिनियममध्ये खड्डा. काही खड्ड्यांत तांदळाचा दाणा मावेल.

कोडं असं की झिंक, म्हणजे ड्राइव्हऐवजी स्वतः झिजावेत म्हणून लावतात ते जस्ताचे तुकडे (ॲनोड), सगळे जागच्या जागी आहेत आणि अगदी नव्यासारखे दिसतायत, कडा पण धारदार. मागच्या पावसाळ्यात एका वर्कशॉपला ड्राइव्ह दिला होता, त्यांनी सर्व्हिसिंग केलं, रंग मारला, चारी बाजूचे झिंक नवे लावले, बिलात तसं लिहिलंय. आता त्यांना फोटो पाठवले तर म्हणतात झिंक चांगले आहेत, बदलायची गरज नाही, ड्राइव्हचा मालच हलका आहे. पटत नाहीये. काय बघू?

---

दर्यावर्दी

रोज वापरून झाल्यावर गोड्या पाण्याने फ्लश करता का? आणि ड्राइव्ह पूर्ण वर उचलून ठेवता की खालीच? अर्धवट उचलून ठेवला की खालचा भाग पाण्यात आणि वरचे झिंक हवेत असं होतं, मग त्यांचा उपयोग शून्य.

---

खाडीकाठ

फ्लश शक्य होईल तेव्हा करतो, नांगरावर असल्यामुळे दर वेळी जमत नाही. ड्राइव्ह खालीच ठेवतो, झिंक सगळे पाण्यात असतात.

---

वेंगुर्ल्याचा फिटर

खाडीकाठ, झिंक नव्यासारखे दिसतायत हीच तुमच्या आजाराची खूण आहे. हंगामभर खाऱ्या पाण्यात राहिलेलं झिंक झिजायलाच पाहिजे, त्याचं कामच ते. जे झिजलं नाही त्याने ड्राइव्हसाठी काही केलं नाही आणि त्याच्या वाटचं झिजणं ड्राइव्हने सोसलं.

थोडं मुळापासून सांगतो, कारण आपल्याकडे नुसतं "झिंक लावा" एवढंच सांगतात आणि का ते कोणी सांगत नाही. मिठाच्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले किंवा वायरने जोडलेले असले की त्यांची बॅटरी तयार होते. प्रत्येक धातूची समुद्राच्या पाण्यात एक ठरावीक पातळी असते, चांदी-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ काडीने मोजली तर स्टेनलेस स्टील साधारण उणे ०.०५ व्होल्टच्या आसपास, ब्रॉन्झ उणे ०.३ च्या आत, साधं पोलाद उणे ०.६ ते ०.७, ड्राइव्हचं ॲल्युमिनियम उणे ०.७५ च्या पुढे, आणि झिंक उणे १.०३ च्या जवळ. ज्याचा आकडा जास्त उणे तो विरघळतो आणि बाकीच्यांना वाचवतो. तुमच्या ड्राइव्हमध्ये पंख्याचा शाफ्ट स्टेनलेस, बरेच बोल्ट स्टेनलेस, पंखा पण स्टेनलेसचा असेल तर अजूनच जोर, आणि या सगळ्यात ॲल्युमिनियम हा सगळ्यात हळवा. झिंक मध्ये आलं तर झिंक जातं, नाही आलं तर गिअरकेस जाते.

पण झिंक "मध्ये यायचं" म्हणजे त्याच्यात आणि ड्राइव्हमध्ये धातूला धातू लागला पाहिजे. बोल्टने घट्ट बसलंय म्हणजे लागलंय असं नाही. तुम्ही म्हणालात वर्कशॉपने रंग मारला, मला संशय तिथेच आहे. मल्टीमीटर घ्या, ओहमवर ठेवा, आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून वायरचा आकडा बघा आणि तो वजा धरा. मग एक टोक झिंकवर ओरखडा काढून, दुसरं ड्राइव्हच्या उघड्या धातूवर, म्हणजे शाफ्टवर नको, गिअरकेसलाच कुठेतरी रंग खरवडून. एक ओहमच्या आत पाहिजे, खरं तर शून्याला चिकटूनच. प्रत्येक झिंकचं वेगळं मोजा. आणि तसंच ड्राइव्हपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत मोजा, कारण मधल्या सांध्यांना वळायला जागा असते, तिथे धातू लागेलच असं नाही, म्हणून कंपनीने छोट्या जोडवायरी दिलेल्या असतात आणि त्या तुटल्या की कोणाच्या लक्षात येत नाही.

अजून एक, तळाला कुठला रंग मारता? तांब्याचा अँटीफाउलिंग (कालवं-शेवाळ धरू नये म्हणून मारतात तो रंग) असेल आणि तो ड्राइव्हवर किंवा अगदी त्याच्या कडेपर्यंत आला असेल तर ते वेगळंच दुखणं.

---

मालवणी_ट्रॉलर

+१. आमच्याकडे बंदरावर रंगारी झिंकवर पण ब्रश फिरवतत, म्हणतत कसा चकचकीत दिसता. झिंकवर रंग म्हणजे औषधाची बाटली बूच न काढता प्यायची.

---

खाडीकाठ

फिटरदादा, शंभर टक्के बरोबर निघालात. आज मल्टीमीटर घेऊन बसलो. पंख्याच्या मागे जो गोल झिंक असतो त्याला आणि गिअरकेसला काहीच संपर्क नाही, मीटर ओपन दाखवतो. ट्रिमच्या, म्हणजे ड्राइव्ह वर-खाली करणाऱ्या सिलिंडरांवरच्या झिंकांपैकी एकाच बाजूचे लागतायत. आडव्या पाटीखालची जी शेपटी असते ती हलवली की आकडा उड्या मारतो, कधी २ ओहम कधी ४०.

गोल झिंक काढून बघितला. बसायच्या जागेवर प्रायमर, त्यावर काळा रंग, त्यावर क्लिअर कोट असे तीन थर, आणि त्यावर झिंक. बोल्टच्या भोकातले आटेसुद्धा रंगाने भरलेत. वर्कशॉपने आधी सगळं रंगवलं आणि मग झिंक लावले. दुसरं म्हणजे शेपटीवर हात फिरवला तर अगदी पातळ काळा फवारा लागलेला कळतो, लांबून तो झिंकचाच रंग वाटत होता.

तळाला तांब्याचाच अँटीफाउलिंग आहे, पण ड्राइव्हवर नाही. ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवर, ड्राइव्हच्या अगदी कडेपर्यंत आहे. किती सोडायचा असतो?

---

वेंगुर्ल्याचा फिटर

चार सेंटिमीटर तरी पट्टा कोरा ठेवा ड्राइव्हच्या बसायच्या जागेभोवती, कंपनीच्या पुस्तकातही साधारण तेवढंच सांगितलंय. ड्राइव्हवर मारायचाच असेल तर ॲल्युमिनियमसाठीचा येतो तोच, डब्यावर तसं लिहिलेलं असतं.

---

रत्नागिरी_ते_दुबई

मी इथे दुबईत बोटींच्या वर्कशॉपमध्ये आहे, ड्राइव्हचं काम रोजचं. फिटरभाऊंनी सांगितलं ते सगळं बरोबर, फक्त एक भर. नवे घेताना "झिंक" मागू नका, ॲल्युमिनियम ॲनोड मागा. नाव झिंक पडलंय म्हणून सगळे झिंकच घेतात. पण ॲल्युमिनियमच्या ड्राइव्हसाठी ॲल्युमिनियमचाच ॲनोड चांगला, आणि हा साधा ॲल्युमिनियम नव्हे, त्यात साधारण ५ टक्के जस्त आणि अगदी किंचित, ०.०२ टक्क्यांच्या आसपास इंडियम असतं. ते इंडियम नसेल तर त्याच्यावर ऑक्साइडचा थर बसून तो गप्प होतो. याची पातळी झिंकपेक्षा थोडी अजून उणे, साधारण १.१ व्होल्ट, म्हणजे ड्राइव्हला जास्त जोर मिळतो. शिवाय टिकतो. झिंकच्या एका किलोतून साधारण ७८० अँपिअर-अवर मिळतात, ॲल्युमिनियमच्या किलोतून २५०० च्या आसपास. ॲल्युमिनियम वजनाला हलका म्हणून किलोचा हिशोब थेट लागत नाही, पण एकाच मापाच्या दोन ॲनोडमध्ये ॲल्युमिनियमचा साधारण पाचव्या हिश्श्याने जास्त चालतो. आणि खाडीत महत्त्वाचं म्हणजे नदीचं गोडं पाणी मिसळलं तरी तो चालू राहतो, झिंक तिथे मंदावतं. तुमच्या रेवदंड्याला कुंडलिकेचं पाणी येतंच की.

विकत घेताना अमेरिकन नौदलाचा मिल-स्पेक नंबर बघा, झिंकसाठी १८००१ आणि ॲल्युमिनियमसाठी २४७७९. नंबर छापला म्हणजे माल तसाच असेल याची खात्री नसते, पण ज्याच्यावर काहीच नाही तो तर घेऊच नका. आणि एका ड्राइव्हवर दोन धातू मिसळू नका. निम्मे झिंक निम्मे ॲल्युमिनियम केलं की ॲल्युमिनियमवाले बाकीच्या झिंकलाच वाचवत बसतात आणि लवकर संपतात. बदलायचे तर सगळे एकदम.

---

वेंगुर्ल्याचा फिटर

हे अगदी मनातलं बोललात. आपल्याकडे भंगारातून ओतलेले झिंक मिळतात, जुने कार्ब्युरेटर, दरवाज्याच्या मुठी, काय वाट्टेल ते वितळवून साच्यात ओततात, आणि ओततात कशात तर लोखंडी कढईत. वितळलेलं जस्त लोखंड खातं, म्हणजे कढईतलं लोखंड झिंकमध्ये उतरतं. लोखंड अगदी थोडं वाढलं तरी झिंकवर घट्ट साल धरते आणि ते काम थांबवतं, म्हणून त्या मिल-स्पेकमध्ये लोखंड ०.००५ टक्क्यांच्या आत पाहिजे अशी अट आहे. डोळ्यांनी हे कळणार नाही. ओळखायची गावठी रीत म्हणजे हंगामानंतर झिंक बघायचं. चांगलं झिंक पावसात भिजलेल्या मातीच्या ढेकळासारखं सगळीकडून खडबडीत झिजतं. वाईट झिंक एक तर गुळगुळीत राहतं नाहीतर एकाच बाजूने थरथर सुटतं आणि तुकडा पडतो.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं असतं, जुना ॲनोड काढला की लगेच भंगारात टाकू नका, हातात घेऊन नीट बघा. पुढचा अर्धा निर्णय त्याच्यावर होतो. निम्मा झिजला तर सगळं ठीक, बदलायची वेळ झाली एवढंच. अजिबात झिजला नाही तर संपर्क नाही, रंग आहे किंवा माल वाईट. दोन महिन्यांत संपला तर कुठून तरी करंट गळतोय. एक संपला आणि शेजारचा कोरा राहिला तर त्या कोऱ्याचा बोल्ट काढून खाली बघा.

---

तापोळा_बोटिंग

मंडळी, आम्ही गोड्या पाण्यातले, कोयनेच्या शिवसागर जलाशयात आउटबोर्डवाल्या बोटी चालतात आमच्या. इथे गंज नसतो असं धरून कोणी झिंककडे बघतच नाही. पण मागच्या हंगामात एका इंजिनचं गिअर ऑइल दुधासारखं निघालं, उघडलं तर सीलच्या बसायच्या कडेला ॲल्युमिनियम खाल्लेलं. झिंकवर पांढरी कडक साल आहे, चाकूने निघत नाही. गोड्या पाण्यात पण लागतं का हे?

---

रत्नागिरी_ते_दुबई

लागतं, आणि तुमचं झिंक गोड्या पाण्यात असंच वागणार. पाणी गोडं असलं की करंट वाहायला अवघड जातं, झिंकवर ती साल बसते आणि ते बंद पडतं, नंतर बोट खाऱ्या पाण्यात नेली तरी साल काढल्याशिवाय चालू होत नाही. कायम गोड्या पाण्यात राहणाऱ्या इंजिनाला मॅग्नेशियमचा ॲनोड लावतात, त्याची पातळी उणे १.६ च्या पुढे, त्यामुळे गोड्या पाण्यातही जोर पुरतो. तुमची इंजिनं कधी समुद्रावर जात नसतील तर मॅग्नेशियम लावा. एखादी बोट खाली कोकणात पाठवायची असेल तर मात्र मॅग्नेशियम आधी काढायचं म्हणजे काढायचं, खाऱ्या पाण्यात ते काही आठवड्यांत संपतं आणि संपेपर्यंत इतका जोर लावतं की ॲल्युमिनियमच्या अंगाशी अल्कली तयार होऊन रंगाला फोड येतात आणि धातू उलटा खाल्ला जातो. दोन्हीकडे फिरणारी बोट असेल तर ॲल्युमिनियम ॲनोड, विचारच करू नका.

ऑइल दुधाळ झालं तेव्हा नुसतं सील बदलून गप्प बसू नका, ज्या कडेवर सील बसतं तीच खाल्ली असेल तर नवं सील पण गळणार.

---

मालवणी_ट्रॉलर

जास्त जोर लावला तर काय होतं ते आमच्या लाकडी ट्रॉलरवाल्यांना विचारा. माझ्या चुलत्याने पंख्याच्या आणि सुकाणूच्या भोवती झिंकच्या मोठमोठ्या पाट्या ठोकल्या होत्या, जेवढं जास्त तेवढं चांगलं म्हणून. धातू सगळा शाबूत राहिला, पण स्टर्न ट्यूबच्या (पंख्याचा शाफ्ट बाहेर येतो त्या नळीच्या) भोवतीचं लाकूड नरम पडलं, स्क्रू ड्रायव्हर खुपसला की आत जातो, आणि बोल्टांच्या डोक्याभोवती पांढरं मीठ फुटलेलं. आमचे जुने मेस्त्री म्हणायचे झिंक लाकूड जाळतं. रत्नागिरीवाले म्हणतायत तीच अल्कली असणार ही, लाकडातलं जे चिकटून ठेवणारं असतं ते ती विरघळवते. लाकडी बोटीला झिंक मोजकंच पाहिजे आणि ब्रॉन्झच्या प्रत्येक बारक्या फिटिंगला वायरने जोडत सुटायचं नाही.

---

जुनी_जहाजं

विषयाला थोडी जोड देतो, मला जहाजांच्या इतिहासाचा नाद आहे. ही युक्ती २०० वर्षं जुनी आहे. पूर्वी लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा मारायचे, किडा लागू नये आणि कालवं धरू नयेत म्हणून, पण तांबं समुद्रात झिजायचं. ब्रिटिश नौदलाने हम्फ्री डेव्हीला उपाय विचारला, त्याने तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडायचे सुचवलं आणि १८२४ मध्ये एचएमएस समरंग या जहाजावर मोठ्या प्रमाणावर प्रयोग केला. हे समरंग आपल्याकडे कोचीनला बांधलेलं, १८२२ मध्ये पाण्यात उतरवलेलं. लोखंडाचे तुकडे झिजले, तांबं वाचलं, म्हणजे प्रयोग यशस्वी झाला. पण तांबं झिजेनासं झाल्यावर त्यातून पाण्यात उतरणारं विषही बंद झालं आणि तळाला कालवं नि शेवाळ इतकं धरलं की जहाजाचा वेग पडला. नौदलाने तो उपाय मागे घेतला. डेव्हीला याचं फार वाईट वाटलं म्हणतात. पण आज प्रत्येक आउटबोर्डच्या मागे जी शेपटी आहे ती त्याच विचाराची आहे.

---

खाडीकाठ

वा, हे माहीत नव्हतं. समरंगबद्दल वाचायला पाहिजे.

आता कामाला लागतो. सगळे ॲनोड ॲल्युमिनियमचे मागवलेत. बसवायची पद्धत कोणी नीट सांगेल का, यावेळी मी स्वतः उभा राहून करून घेणार आहे.

---

वेंगुर्ल्याचा फिटर

सांगतो, सवडीने वाचा.

आधी बॅटरी काढा आणि इग्निशनची किल्ली खिशात ठेवा, पंख्याशी हात घालायचाय. शेपटी काढायच्या आधी तिची दिशा पाटीवर पेन्सिलने किंवा टोकदार खिळ्याने आखून ठेवा. ती नुसता ॲनोड नाही, पंख्याच्या ओढीने सुकाणू एका बाजूला जातं ते पण ती सांभाळते, वाकडी बसवली तर बोट चालवताना एक हात दुखायला लागेल. तिचा बोल्ट बऱ्याच मॉडेलना वरून असतो, प्लास्टिकचं बूच काढलं की आत खोल, लांब एक्स्टेन्शन लागतं. अडकला असेल तर जोर करू नका, आत गंजरोधक तेल सोडा, रात्रभर ठेवा, मग थोडी उष्णता. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेसचा बोल्ट तुटला तर तो काढायचं काम ॲनोडच्या दसपट खर्चाचं.

गोल ॲनोडसाठी पंखा काढावा लागतो. पंखा निघालाच आहे तर शाफ्टला नायलॉनची मासेमारीची दोरी गुंडाळली गेलीय का बघा, आपल्याकडे हमखास असते आणि ती सील कापते. ऑइल पण थोडं सोडून बघा, दुधाळ नाही ना.

बसायची जागा बारीक पॉलिश पेपरने घासून पांढरा चकचकीत धातू काढा, तेवढाच भाग, ॲनोडच्या बाहेर रंग खरवडू नका. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नका, त्याचे कण धातूत रुततात आणि तिथेच नवा खड्डा सुरू होतो. बोल्टच्या भोकातले आटे टॅप फिरवून साफ करा. ॲनोडची मागची बाजूही घासा, ओतकामाची साल असते तिच्यावर. मधे ग्रीस, सिलिकॉन, गॅस्केट काही नको. ग्रीस लावायचं तर बोल्टच्या आट्यांना थोडं. घट्ट केल्यावर लगेच मीटरने मोजा, आणि बोट पाण्यात जाऊन काही दिवस झाल्यावर पहिल्या कोरड्या ओहोटीला परत एकदा बोल्ट आवळा, ॲनोड मऊ असतो, दाबला जातो.

आता जुने खड्डे. भुकटी पूर्ण निघेपर्यंत घासायची, गोड्या पाण्याने धुवायचं, वाळवायचं, मग इपॉक्सी प्रायमर आणि वर रंग. ॲनोडला टेप लावल्याशिवाय रंगाचा डबा उघडायचाच नाही. खड्डा सीलच्या जवळ किंवा खोल असेल तर आधी वेल्डिंगवाल्याला दाखवा, नुसतं भरून झाकू नका.

---

दर्यावर्दी

धागा सेव्ह केला. फिटरदादा, एक विचारतो, बोट पाण्यात असताना ॲनोड चालतोय की नाही हे कळायचा काही मार्ग? दर वेळी कोरडी पाडणं होत नाही.

---

वेंगुर्ल्याचा फिटर

आहे. ती चांदी-सिल्व्हर क्लोराइडची काडी विकत मिळते, मल्टीमीटरच्या काळ्या भोकात लावायची, ड्राइव्हच्या मागे पाण्यात सोडायची, लाल टोक इंजिनच्या निगेटिव्ह बोल्टला, मीटर डीसी व्होल्टवर. बोट निदान आठ तास न हलवता उभी असली पाहिजे, नाहीतर आकडा फसवतो. ॲल्युमिनियमचा ड्राइव्ह नीट सांभाळला जात असेल तर साधारण उणे ९०० ते उणे ११०० मिलिव्होल्ट येतात. ८०० च्या खाली म्हणजे ॲनोड नावापुरते. ११०० च्या फार पुढे गेला तर जास्तीचा जोर लागतोय, मॅग्नेशियम तर नाही ना बघा.

काडी नसेल तर खात्रीच्या मालाचा नवा कोरा झिंकचा तुकडा वायरला बांधून पाण्यात सोडा, बोटीला किंवा ड्राइव्हला न लागता, आणि त्याच्यातला नि इंजिनमधला फरक मोजा. पाव व्होल्टच्या आसपास फरक आला तर ड्राइव्ह उघडा पडलाय. शंभर मिलिव्होल्टच्या आत आला तर ॲनोड काम करतोय. बारीक मोजमाप नाही हे, पण खाऱ्या पाण्यात हो की नाही एवढं नक्की कळतं.

---

शापोराकाठी

गोव्याहून. माझी उलट तक्रार आहे. पर्यटकांची बोट, दोन आउटबोर्ड, एकाच कंपनीचे, एकाच दिवशी बसवलेले. डाव्या इंजिनाचा ॲनोड हंगामभर टिकतो, उजव्याचा दीड-दोन महिन्यांत हाडकासारखा होतो. ॲनोड बदलून बघितले, कंपनी बदलून बघितली, तेच. आता उजव्याच्या गिअरकेसला पण रंग सुटायला लागलाय.

---

रत्नागिरी_ते_दुबई

शापोराकाठी, ॲनोड सोडा आणि वायरिंग धरा. तुमच्या बॅटरीचा करंट पाण्यातून वाहतोय. धातूंच्या आपसातल्या फरकाने हळू झिजतं, बॅटरीचा करंट आला की आठवड्यांचं काम दिवसांत होतं.

बघा, उजव्या इंजिनाच्या बोल्टला कुठल्या उपकरणाची निगेटिव्ह जोडलीय का? बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा), लाइट, फिश फाइंडर, काहीही. आणि उजव्या इंजिनाची बॅटरीकडे जाणारी जाड निगेटिव्ह केबल आतून सडली असेल, तर त्या पंपाचा करंट परत कसा जाणार? उजव्या इंजिनातून पाण्यात उतरणार, पाण्यातून डाव्या इंजिनात चढणार आणि त्याच्या चांगल्या केबलने बॅटरीला पोचणार. करंट ज्या धातूतून पाण्यात उतरतो तो धातू खाल्ला जातो. म्हणून डावं सुखात आणि उजवं भोगतंय.

तपासायला पंप चालू करा, मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक उजव्या इंजिनाच्या ब्लॉकला, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, क्लॅम्पला नाही, खांबाला. शून्याच्या जवळ पाहिजे. डाव्याचं पण तसंच मोजून तुलना करा.

---

शापोराकाठी

मोजलं. डावीकडे जवळपास शून्य, उजवीकडे पंप चालू केला की ०.६ व्होल्ट. केबलचं टोक बाहेरून चांगलं दिसत होतं, प्लास्टिकचं आवरण थोडं मागे कापलं तर आत तांब्याची तार हिरवी आणि भुकटी झालेली, बोटात चुरली. बिल्ज पंपाची निगेटिव्ह इंजिनाच्याच बोल्टला आहे आणि पंप ऑटोवर असतो, त्याची वायर मेन स्विचच्या आधीच बॅटरीवर आहे, म्हणजे बोट बंद असतानाही रात्रभर चालू-बंद होत राहतो. सगळं जुळलं. मी आजवर ॲनोडवाल्यांना शिव्या देत होतो.

---

रत्नागिरी_ते_दुबई

केबल टिनचा मुलामा असलेल्या मरीन तारेची घ्या, टोकाला गोंदवाली श्रिंक ट्यूब, आणि पंपाची निगेटिव्ह इंजिनावरून काढून थेट बॅटरीच्या बसबारला द्या. पंपाचे जॉइंट बिल्जच्या पाण्याच्या वर बांधा, त्या घाणीत पडून असलेला टेपचा जॉइंट हा दुसरा चोर असतो.

ज्यांच्या बोटी धक्क्यावर किनाऱ्याची वीज घेऊन उभ्या असतात, इथे आमच्याकडे सगळ्याच, त्यांनी अजून एक लक्षात ठेवा. विजेच्या हिरव्या अर्थिंग वायरने तुमची बोट शेजारच्या सगळ्या बोटींना जोडली जाते आणि तुमचा ॲनोड शेजाऱ्याचा पंखा सांभाळत बसतो. हिरवी वायर कापायची नाही, माणूस मरेल. तिच्यात गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवतात, आत डायोड असतात, व्होल्ट-सव्वा व्होल्टपर्यंतचा हा बारका करंट ते अडवतात आणि खरा फॉल्ट आला तर वाट मोकळी ठेवतात.

---

तापोळा_बोटिंग

मॅग्नेशियमचे मागवले. जुनी इंजिनं टू-स्ट्रोक आहेत, एक नवं फोर-स्ट्रोक घेतलंय, त्याच्या पुस्तकात इंजिनाच्या आतल्या ॲनोडचा उल्लेख आहे, हे काय प्रकरण?

---

वेंगुर्ल्याचा फिटर

बऱ्याच फोर-स्ट्रोकना सिलिंडर ब्लॉकच्या आणि हेडच्या पाण्याच्या वाटेत बारके ॲनोड असतात, छोट्या झाकणाखाली बोल्टने धरलेले. बाहेरच्या शेपटीचा तिथे काही उपयोग नाही, आतल्या पाण्याच्या वाटेला आतलाच ॲनोड लागतो. बाहेरून दिसत नाहीत म्हणून विसरले जातात, आणि ते सुजून वाटेत अडकले की इंजिन तापायला लागतं. पुस्तकात किती तासांनी बघायचं ते दिलेलं असतं, ते पाळा, झाकणाची रबर रिंग दर वेळी नवी टाका. आतले ॲनोड मात्र कंपनीच्याच मापाचे आणि कंपनी सांगेल त्याच धातूचे घ्या, तिथे मॅग्नेशियमचा प्रयोग नको.

---

खाडीकाठ

सगळे ॲनोड बसले. बसायच्या जागा माझ्यासमोर घासून घेतल्या, सगळीकडे मीटर ०.२ ओहमच्या आत. गिंबलजवळची (ड्राइव्ह जिथे वळतो त्या सांध्याजवळची) एक जोडवायर तुटलेली निघाली, ती नवी केली. खड्डे साफ करून इपॉक्सी भरला, सीलजवळ काही नव्हतं हे नशीब. ट्रान्समवरचा तांब्याचा रंग चार सेंटिमीटर मागे घेतला.

बोट पाण्यात सोडून रात्रभर उभी ठेवली आणि मित्राची संदर्भ काडी लावून मोजलं, उणे ९८० मिलिव्होल्ट. बदलायच्या आधी मोजलं होतं तेव्हा उणे ७६० होतं. पुढच्या उधाणाला परत कोरडी पाडून बोल्ट आवळतो आणि फोटो टाकतो. वर्कशॉपला हे सगळे आकडे आणि रंगाच्या थरांचे फोटो लिहून पाठवलेत, पुढच्या गिऱ्हाइकाच्या ड्राइव्हवर तरी ते रंगाआधी टेप लावतील.

---

मालवणी_ट्रॉलर

आकडा झकास आला. फोटो टाकताना जुन्या-नव्या ॲनोडचं वजन पण करून टाका, हंगाम संपल्यावर परत वजन केलं की किती खाल्ला ते नेमकं कळतं, आणि पुढच्या वर्षी मधेच बदलायचा की मे पर्यंत जाईल ते आधीच ठरवता येतं. मी ट्रॉलरच्या पाट्यांवर तारीख आणि वजन पंचने ठोकून ठेवतो.

---

खाडीकाठ

हे भारी आहे. नव्यांचं वजन बसवायच्या आधीच केलं असतं तर बरं झालं असतं, पण एक जादा शेपटी मागवलीय, तीच वजन करून वहीत लिहितो, माप एकच आहे.